तात्या, वाजवतो!

चार वाजंत्री एका ओट्यावर टेकले की किस्से मागावे लागत नाहीत, तेच पानसुपारी मागत येतात! आमच्या कळंबच्या ताफ्याचं तर विचारूच नका. निजामाचं राज्य होतं, मी सनई फुंकायचो आणि नामातात्या ढोल वाजवायचे. तात्या पलटणीत भरती होऊन ब्रह्मदेशच्या लढाईवर गेले. परत आले, पण ढोल धरीनात. नुसतं सामान उचलायचे. लोक म्हणायचे, "झपाटलंय!" आम्हाला तरी दुसरं काय माहीत होतं?

येरमाळ्याच्या लग्नात कुणीतरी आपटीबार उडवला. तात्यांनी शेजारच्या वरमाईला खाली ओढलं आणि दोघं बैलगाडीखाली! वरमाई उठली, लुगडं झटकलं. म्हणाली, "मला वाचिवलंस व्हय रं बाबा? मग आता जेवायबी वाढ, सकाळधरनं उपाशी हाय!"

हॉटेलात तात्या भिंतीला पाठ लावूनच बसायचे. एकदा त्या भिंतीलगतच्या बाकड्यावर पोलिसांचे अमीनसाहेब बसलेले. तात्या चहा घेऊन उभेच. साहेबांनी कारण विचारलं, आम्ही घाबरत सांगितलं. साहेब सरकले, "आव मियाँ, मेरी पीठ से पीठ लगाव. दोनों बेफिक्र!" तसा चहा प्यालेला अंमलदार मी पुन्हा पाहिला नाही.

एकदा ढोल ताणून झाल्यावर तात्यांनी त्यावर थाप मारली आणि दचकले नाहीत! मी विचारलं, तर म्हणाले, "माज्या हातचा आवाज मला आदी कळतो की. दुसऱ्याचा कुठं वर्दी देऊन येतो?"

त्या दिवसापासून सूर लावण्याआधी आम्ही ओरडायचो, "तात्या, वाजवतो!" ही सवय इतकी लागली की आमची कारभारीण चुलीपुढं मोहरी टाकताना म्हणायची, "तात्या, फोडणी!" तात्यांचं घर दोन गल्ल्या पलीकडं!

एवढं करूनही अक्षता पडायच्या वेळी तात्या शिवारात निघून जायचे. तिथं सगळा गलका एकदम उसळतो, वर्दी देणार कोण? आणि आता त्यांच्याच लेकीचं, सोनीचं लग्न ठरलं. पोरीनं बजावलं, "तात्या मांडवात नसतील तर म्या पाटावर उभी ऱ्हायची न्हाय!" तात्या आठ दिवस धड जेवले नाहीत.

लग्नादिवशी मी ढोल त्यांच्याच गळ्यात अडकवला, म्हटलं, पहिला आवाज तुमच्याच हातचा. मंगलाष्टकं संपली. "वाजवा रे वाजवा!" अशी आरोळी उठली. आमच्यातलं कुणी वाजवेना, सगळे तात्यांकडं बघतोय. त्यांनी ढोल बडवायचं टिपरू उचललं आणि पुन्हा खाली घेतलं. तेवढ्यात अंतरपाटावरून नवऱ्यानं मान वर काढली, "मामा, वाजवा की! हार धरून हात दुखाय लागलं!"

तात्या खळखळून हसले आणि पहिली थाप पडली. मग काय! अक्षता झाल्या, पंगती बसल्या, उठल्या, तात्या वाजवतच होते. शेवटी सोनीच जवळ आली, "तात्या, बास की आता, पावणं जेवलं, तुमीच ऱ्हायलाव!"

तात्यांनी टिपरू वर धरलं आणि साऱ्या मांडवाला ऐकू जाईल असं ओरडले, "मंडळी, थांबतो बरं का! दचकू नका!"