परीक्षकांच्या एकमताने

ग्रंथपालबाई निवृत्त झाल्या तरी वाचनालयाने त्यांना सोडलं नव्हतं. दरवर्षी चरित्रग्रंथाच्या बक्षिसाला तीन परीक्षक लागत, त्यात बाई असतच. यंदा शेवटपर्यंत टिकलं ते जुन्या हुकूमशहाचं जाडजूड चरित्र. लिहिणाऱ्याची भाषा लोण्यासारखी. पहिली प्रकरणं बाईंना आवडलीही, आणि त्याचीच त्यांना लाज वाटली.

कारण घरात मास्तर होते, बाईंचे यजमान. त्याच राजवटीत तुरुंग भोगून आलेले. आता त्यांचे हात थरथरत, आणि न्हाव्याला ते गालाला हात लावू देत नसत. म्हणून रोज सकाळी बाईच त्यांची दाढी करत. स्वस्तातला रेझर, एकदा वापरला की त्यांच्यादेखत केराच्या टोपलीत. शेजारीण म्हणायची, "तुमच्याकडे काय राजा राहतो, रोज नवा रेझर लागायला?" बाई हसण्यावारी नेत.

पुस्तकात त्या हुकूमशहाबद्दल एक वाक्य होतं : तुरुंगातल्या कैद्यांनाही रोज दाढीला वस्तरा मिळावा, याकडे ते जातीने लक्ष देत.

बाईंनी साबण लावता लावता ते वाचून दाखवलं. "अहो, खरं आहे का हे?"

"खरं आहे. रोज यायचा."

"मग?"

"एकच यायचा, सगळ्या बराकीला. बोथट. पहिल्याचं रक्त शेवटच्याच्या गालाला लागायचं. नको म्हणेल त्याला दोन शिपाई धरून बसायचे. माझ्या शेजारच्याचा गाल सडला. तापातच गेला तो."

आजवर हे ते बोलले नव्हते. बाईंचा हात थांबला.

"परीक्षकांच्या बैठकीत येऊन एवढंच सांगाल?"

"पुरावा मागतील. कुठून आणू? तू कर तुझं काम."

बैठकीत बाईंनीच सांगितलं. अध्यक्ष निवृत्त प्राध्यापक होते. ते म्हणाले, "म्हणजे वाक्य खोटं नाही ना, बाई?"

दुसरे परीक्षक वर्तमानपत्राचे संपादक. "आपण पुस्तकाला गुण देतोय, त्या माणसाला नाही."

"मग यंदा कुणालाच देऊ नका. हात जोडते." बाईंनी खरोखरच हात जोडले. दोघं खिडकीबाहेर बघू लागले.

"निदान माझा विरोध नोंदवा."

"नोंदवू की," अध्यक्ष म्हणाले.

पुढच्या महिन्यात दुकानाच्या काचेत पुस्तकांची चळत लागली. प्रत्येकावर लाल पट्टी, 'परीक्षकांच्या एकमताने सर्वोत्कृष्ट', आणि खाली तिघांची नावं. बाई तडक अध्यक्षांच्या घरी गेल्या. ते म्हणाले, "अहो, विरोध छापला तर बक्षिसाची शोभा काय राहिली? कशाला राईचा पर्वत करता?" संपादकांकडे खुलासा छापायला जागा नव्हती. प्रकाशकाच्या दारावरच्या माणसाने तर त्यांना आतही सोडलं नाही.

घरी आल्या तर शेजारणीने कौतुकाने एक प्रत आणून मास्तरांच्या हाती दिली होती.

"तुझं नाव आहे."

"मी नाही म्हटलं होतं हो. शपथ घेऊन सांगते."

"माहीत आहे मला."

दुसऱ्या दिवशी बाई साबण घेऊन जवळ आल्या, तशी मास्तरांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. बाईंनी हळूच हात बाजूला करायला पाहिलं. ते थरथरते हात सुटेनात.

"तुझ्यावर विश्वास आहे," ते हातांआडूनच म्हणाले. "पण गाल ऐकत नाही."

मास्तरांची दाढी वाढत गेली. बाई रोज पाणी गरम करून त्यांच्याशेजारी बसत, आणि निवलं की ओतून टाकत.