सातव्या कलमाचे दहा गुण

पिढ्यानपिढ्या तमिळ मुलखात राहिलेल्या मराठी घरातल्या वेदवतीबाईंना राग आला की त्या मराठीत बोलायच्या, आणि कुंभकोणमच्या त्या कॉलेजात मराठी कळणारं दुसरं कुणी नव्हतं. १९९१च्या मार्चमध्ये मात्र त्या चांगल्या खणखणीत तमिळमध्ये रागावल्या, तेही रसायनशास्त्राचे विभागप्रमुख शेषाद्री यांच्यावर.

रीडरची, म्हणजे लेक्चररच्या वरची, एक जागा निघाली होती. उमेदवार दोघंच, बाई आणि त्यांच्याच विभागातले कृष्णमूर्ती. बाईंच्या निवृत्तीला पाच वर्षं उरलेली, म्हणजे ही शेवटचीच संधी. दोघांचे शोधनिबंध सारखेच, नोकरीची वर्षंही जवळपास सारखी. सगळं येऊन अडलं ते फॉर्ममध्ये नव्यानं घातलेल्या सातव्या कलमावर: 'मागासलेल्या विद्यार्थ्यांना सामावून घेण्यासाठी केलेलं कार्य. गुण दहा.' हे गुण शेषाद्रींनी द्यायचे होते.

बाईंनी तिथं जे घडलं होतं तेच लिहिलं.

१९८४ पर्यंत विभागाच्या प्रयोगशाळेत पिपेटी दोन खणांत ठेवलेल्या असत. पिपेट म्हणजे काचेची नळी. तोंडात धरून ओढायची, द्रावण खुणेपर्यंत चढलं की वर बोट दाबायचं. एका खणातल्या पिपेटींच्या टोकाला तांबडा पट्टा रंगवलेला होता. नियम कुठंही लिहिलेला नव्हता. पण चेरीतून, म्हणजे गावाबाहेरच्या दलित वस्तीतून आलेल्या मुलांच्या हातात शिपाई नेमकी तांबड्या पट्ट्याचीच पिपेट द्यायचा. उष्ट्याचा प्रश्न होता ना! त्या पिपेटी होत्या मोजून तीन, टवके उडालेल्या. अकरा पोरं रांगेत उभी राहायची आणि प्रयोग अर्धा राहायचा. मग कमी गुण देऊन कृष्णमूर्ती वर म्हणायचे, या पोरांच्या हाताला वळणच नाही. वळण कुठून येणार, कपाळ!

बाईंना हे दिसत नव्हतं असं नाही. एकोणीस वर्षं दिसत होतं आणि त्या गप्प होत्या. स्वतःच्या त्या गप्प बसण्याचा राग त्यांच्या मनातून कधीच गेला नाही.

एके दिवशी त्या अकरांतल्या, इन्नंबूरच्या मुरुगय्यननं खालच्या मानेनं विचारलं, "अम्मा, परीक्षेला तरी मला दुसऱ्या खणातली मिळेल का?"

बाईंनी त्याच्या हातातली उष्टी पिपेट घेतली, चाळीस मुलांसमोर तशीच स्वतःच्या तोंडात धरली आणि सोडियम कार्बोनेटचं द्रावण खुणेपर्यंत ओढून दाखवलं. त्यांच्या वैष्णव घरात पाण्याचं भांडंसुद्धा ओठाला लावत नसत, वरून धार धरायची. त्यांना किळस आली. त्या किळसेची त्यांना लाजही वाटली. मग दोन दुपारी बसून ब्लेडनं तांबडा रंग खरवडला आणि सगळ्या पिपेटी एका खणात टाकल्या. शेषाद्री त्यांच्याशी सहा महिने बोलले नाहीत.

फॉर्म वाचून याच शेषाद्रींनी त्यांना बोलावलं.

"मॅडम, 'समतेसाठी झटले' एवढंच लिहा. नऊ गुण देतो. हा पिपेटचा परिच्छेद तेवढा काढा. आपल्याकडे असं कधी नव्हतंच."

"नव्हतंच? मग मी झटले कशासाठी? नसलेल्या गोष्टीसाठी?"

"विभागाच्या नावाचा विचार करा."

"मुरुगय्यनला याच विभागानं पन्नासात अठरा दिले, तेव्हा त्याच्या नावाचा विचार कुणी केला होता?"

घरी नवरा रघुपती म्हणाला, "अगो, सुम्मा, आपली उगीच एक ओळ लिही आणि सोड की. कोण वाचितो तें?"

"मी वाचितें की!" बाई म्हणाल्या आणि ताटावरून उठल्या.

अर्ज द्यायच्या शेवटच्या दिवशी फॉर्म शेषाद्रींचा शेरा घेऊन परत आला. गुण शून्य. 'विभागात भेदभाव कधीच नव्हता, त्यामुळे या कलमाखाली कार्य संभवत नाही.' खाली छापलेलं होतं, 'शेरा वाचला व मान्य', आणि उमेदवाराच्या सहीला जागा.

"सही करून टाका, अम्मा," ऑफिसच्या खिडकीतला कारकून स्वामीनाथ कळवळून म्हणाला. "सही नसेल तर अर्जच पुढं जात नाही. शून्य असलं तरी मुलाखत होईल, कोण जाणे, जागा मिळेलसुद्धा."

बाईंनी पेन काढलं. 'व मान्य' हे दोन शब्द खोडले आणि उरलेल्याखाली सही केली.

"खाडाखोड चालत नाही हो," स्वामीनाथ फॉर्म परत सरकवत म्हणाला. "कोरा देतो दुसरा. पाचला दहा मिनिटं कमी आहेत, मग खिडकी बंद."

"शून्य देऊ देत त्यांना, शून्यानं मी मरत नाही. पण 'कधीच नव्हता' याला मी मान्य म्हणू? मग ती अकरा पोरं रांगेत कशाला उभी होती, विचार तुझ्या साहेबांना!"

कोरा फॉर्म त्यांनी घेतला नाही. पाच वर्षांनी त्या लेक्चरर म्हणूनच निवृत्त झाल्या.

जागा कृष्णमूर्तींना मिळाली. सातव्या कलमात त्यांनी 'समतेसाठी झटलो' एवढंच लिहिलं होतं, आणि शेषाद्रींनी त्यांना दहापैकी दहा दिले होते.