मारुतीच्या वळणावरचा सडा

माझ्यामुळे आजवर एकही सायकलपटू पडलेला नाही. हे मी मुद्दाम सांगतो, कारण एका सकाळी साडेनऊच्या सुमाराला हा आकडा एकदम शंभराच्या पुढे जाणार होता.

झालं असं, की देशोदेशीच्या सायकलपटूंची एक मोठी शर्यत आपल्याकडे व्हायची ठरली. पाच दिवस, पाच टप्पे, आणि त्यातला तिसरा टप्पा नाशिकहून निघून त्र्यंबकवरून हरसूलकडे! म्हणजे थेट आमच्या गावावरून. (गावाचं नाव सांगत नाही. गावकऱ्यांनी तशी शपथ घातली आहे.) मी राहतो नाशकात, नोकरी कॉलेजच्या ऑफिसात, आणि रविवारी सकाळी सायकल घेऊन गंगापूर धरणापर्यंत जातो. तिथे मिसळ खातो आणि सायकल टेम्पोत टाकून परत येतो. एवढ्या भांडवलावर मी आमच्या सायकल ग्रुपात छाती ठोकून म्हणालो, “तो रस्ता ना? माझ्या घरचा आहे!”

दुसऱ्या दिवशी मला एक केशरी जाकीट, एक लाल झेंडी, एक शिट्टी आणि ‘वळणप्रमुख’ अशी पदवी मिळाली. वळण कोणतं? तर आमच्या गावच्या घरासमोरचं, मारुतीच्या देवळापाशी उतारावर काटकोनात फिरणारं!

मग आमचं प्रशिक्षण झालं. संयोजकांच्या साहेबांनी पडद्यावर एक व्हिडिओ लावला. परदेशातला सुंदर रस्ता, दोन्ही बाजूंना फुलं, मधून रंगीबेरंगी सायकली झपाझप येताहेत. आणि एकाचं चाक घसरलं. त्याच्यावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा... मी सतरापर्यंत मोजले आणि डोळे मिटून घेतले. (ही माझी लहानपणापासूनची पद्धत. इंजेक्शन असो, कुकरची शिट्टी असो की बायकोची आत्या, संकट आलं की मी आधी डोळे मिटतो.)

“हे कशामुळे झालं, माहितीये?” साहेब म्हणाले. “रस्त्यावर थोडीशी ओल होती. ताशी साठ किलोमीटरने माणूस उतरत असतो. एक खडा, एक सांडलेला पेला पाणी, बास! प्रत्येक वळणाला जबाबदार माणसाचं नाव आमच्याकडे आहे.”

त्यांनी यादी वर करून दाखवली. एवढ्या लांबूनही मला माझंच नाव दिसलं.

त्या दिवसापासून मी घाबरलो तो घाबरलोच. ऑफिसला जाताना रस्त्यातले खडे उचलून खिशात टाकायला लागलो. वैशालीने, म्हणजे माझ्या बायकोने, पँट धुवायला घेतली तर बादलीत पाव किलो खडी.

“अहो, शर्यत हरसूल रोडला आहे. तुम्ही कॉलेज रोड कशाला साफ करताय?”

“सवय लागावी म्हणून,” मी म्हणालो.

“मग जरा घरातलंही उचला काही,” ती म्हणाली. माझी भीती त्या घरात कुणालाच कळत नव्हती.

शर्यतीच्या आठवडाभर आधी मी गावी गेलो आणि देवळासमोर सगळ्यांना जमवलं. पुढे आई आणि तिच्या बचतगटाच्या बाया, मागे आमचे नाना. नाना म्हणजे माझे चुलते. त्यांच्या सहा गाई आहेत. (या गाई लक्षात ठेवा.) मी जीव तोडून बोललो. म्हणालो, “बाहेरच्या देशातले पाहुणे आपल्या दारावरून जाणार आहेत. हा रस्ता नाही, हे आपलं अंगण आहे असं समजा! अंगण जसं लखलखीत ठेवता, तसं हे वळण ठेवायचं. काय?”

“ठेवू की!” बाया एका सुरात म्हणाल्या.

“त्याची तू नको काळजी करू, दिनू,” आई म्हणाली. “पाहुणे येत्यात आन आमाला सांगावं लागतं व्हय?”

मला इतकं बरं वाटलं, की परतताना मी एकही खडा उचलला नाही.

शर्यतीच्या दिवशी मी आणि वैशाली साडेसातलाच स्कूटरवरून गावात पोचलो. आठनंतर रस्ता बंद होणार होता. वळणावर आलो आणि मी ब्रेक दाबला. स्कूटर थांबली नाही. ती शांतपणे पुढे घसरत गेली आणि मारुतीच्या पायरीला टेकून थांबली.

समोर हिरवंगार पसरलेलं होतं. नव्या कोऱ्या डांबरावर, या कडेपासून त्या कडेपर्यंत, शेणाचा सडा! तोही असा दाट, हात राखून न घातलेला. वर ठिपक्यांची रांगोळी, मध्ये दोन चाकांची सायकल काढलेली आणि खाली ‘सुस्वागतम्’.

“कसं झालंय?” आई कमरेवर हात ठेवून म्हणाली. “पाच वाजल्यापून राबतोय समद्या. नानांच्या सहाच्या सहा गाईंचं शेण लागलं बघ.”

“लय ग्वाड रस्ता हाय,” एक बाई म्हणाली. “असं सपाट अंगण जल्मात मिळालं नाय सडा टाकायला!”

डोळ्यांपुढे तो व्हिडिओ, सतरा माणसं आणि ती यादी. “अगं आई,” मी कसाबसा म्हणालो, “मरतील गं ते! माणसं मरतील आणि मी तुरुंगात जाईन!”

“शेणानं कोण मरतं रे?” आई दुखावली. “तूच म्हनला व्हता ना, अंगण समजा म्हनून?”

नाना मात्र शांतपणे तंबाखू मळत होते. “दिनकर, ऊन पडलंय. तासाभरात वाळंल, मग खराट्यानं झाडून घेऊ. हाय काय त्यात?”

नानांचं तेव्हाच ऐकलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण घाबरलेल्या माणसाला सोपा उपाय पटत नाही. मी ओरडलो, “पाणी आणा!”

हंडे आले, कळश्या आल्या, नानांच्या मोटरीचा पाइप आला. शेण निघेना. ते पातळ होऊन आणखी चार हात पसरलं. मग मला ती कल्पना सुचली. मी घरात धावलो, कपडे धुवायच्या पावडरीची अख्खी पिशवी उचलली आणि वळणावर रिकामी केली!

पाच मिनिटांत मारुतीच्या पायऱ्यांपर्यंत फेस आला. रांगोळीतली सायकल फेसात बुडाली. एक कुत्रं रस्ता ओलांडायला निघालं आणि बसल्या जागी पलीकडे पोचलं.

“आता मातर मरत्याल,” नाना म्हणाले.

सव्वाआठ झाले होते. पुन्हा पाणी, पुन्हा खराटे. फेस गेला, शेणही गेलं, पण रस्ता ओलाचिंब! एक सांडलेला पेला पाणी, साहेब म्हणाले होते. इथे पंधरा-वीस हंडे ओतले होते. घरातल्या चादरी आणल्या, आईची लुगडी आणली, नानांचं धोतर (नेसलेलं नव्हे, वाळत घातलेलं) आणलं. पुरेना. मी रस्त्याच्या मधोमध मटकन बसलो. खोटं कशाला बोलू, मला रडूच आलं.

तेवढ्यात मागून हाक आली. “दिनूभाऊ, रस्ता कितनी देर बंद है? मला बाजार गाठायचाय!”

रशीदभाई! ते हरसूलच्या आठवडी बाजारात पंचे-टॉवेल विकतात. त्यांचा टेम्पो पोलिसांनी आमच्याच देवळामागे अडवून ठेवला होता. मी काही बोलायच्या आत त्यांनी माझ्याकडे बघितलं, रस्त्याकडे बघितलं आणि टेम्पोची ताडपत्री सोडली.

“घ्या. ओले झाले तर सुकतील. माणूस पडला तर काय करणार?”

आणि मग सगळं गाव गुडघ्यांवर बसलं. बाया, नाना, रशीदभाई, पोलीसदादा, वैशाली, सगळे नव्या पंच्यांनी डांबर पुसताहेत! आई तर कोपरा-कोपरा असा टिपत होती, जणू आंघोळ घातलेलं बाळच समोर आहे. सव्वानऊला शेवटचा पंचा पिळला. आईने खाली वाकून रस्त्याला गाल लावला आणि म्हणाली, “कोरडा हाय. ये, उभा ऱ्हा आता.”

लांबून मोटरसायकलचा भोंगा ऐकू आला. मी जाकीट सारखं केलं, शिट्टी तोंडात धरली, झेंडी उंच धरली. उताराच्या माथ्यावर रंगांचा एक ठिपका दिसला. तो मोठा झाला. एखादा कोपरा राहिला असेल तर? फटीत फेस असेल तर? कानांवर आधी नुसता सूं आवाज आला, मग वारा अंगावर आला, मग सर्र, सर्र, सर्र... आणि मग एकदम सगळं शांत.

“किती पडले?” मी विचारलं.

“कोण पडतंय?” आई ओवाळणीचं ताट घेऊन तशीच उभी होती. “गेले की समदे! एक बी थांबला नाय. साधं कुंकू लावू दिलं नाय!”

“एकजण हात हलवून गेला ना तुम्हाला,” वैशाली म्हणाली, आणि आईचा राग तिथेच विरघळला.

महिन्याभराने संयोजकांकडून टपालाने एक प्रमाणपत्र आलं. ‘डोळ्यांत तेल घालून वळणाची राखण केल्याबद्दल.’ सोबत त्या क्षणाचा माझा मोठा रंगीत फोटो. पाठीमागून सायकली वाऱ्यासारख्या चालल्यात, पुढे मी ताठ उभा, झेंडी उंच, शिट्टी तोंडात आणि दोन्ही डोळे घट्ट मिटलेले! वैशालीने तो फ्रेम करून दिवाणखान्यात लावलाय. घरी येणारा प्रत्येकजण विचारतो, “इतक्या जवळून शर्यत बघायला मिळाली, कशी होती हो?” आणि मी सांगतो, अगदी रंगवून सांगतो, जसं आईने मला सांगितलं तसं.