हायड्रोजनशेजारची रिकामी जागा

मोकळी भिंत दिसली की पेंटरांचे हात शिवशिवायचे. कुणी दुकानाची साधी पाटी सांगितली तर कोपऱ्यात दोन मोर फुकट मिळायचे. घरात तर कहरच होता. दिवाणखान्यात धबधबा, स्वयंपाकघरात हरणं, न्हाणीघराच्या दारावर सूर्योदय. मागच्या महिन्यात त्यांनी फ्रिजवर वाघ काढला आणि बायकोचा संयम संपला. "दूध घ्यायला गेलं तरी कुणीतरी डोळे वटारून बघतंय!" असं म्हणत तिने बॅग भरली आणि लेकीचं घर गाठलं. अट एकच, घरातली एक भिंत कोरी झाली तरच परत येईन. पेंटरांनी तिला हट्टी ठरवलं आणि ते करपलेला भात खात बसले.

अशातच शाळेच्या प्रयोगशाळेत आवर्तसारणी रंगवायचं काम आलं. रसायनशास्त्राच्या बाई छापील तक्ता हातात देऊन रजेवर गेल्या. पेंटरांनी तक्ता निरखला. मूलद्रव्यांच्या चौकटी झकास होत्या, पण वरच्या बाजूला हे एवढं खिंडार! हायड्रोजन एका टोकाला, हेलियम दुसऱ्या टोकाला, मधे नुसता शुकशुकाट. छापणाऱ्याने अंगचोरपणा केलाय, याबद्दल त्यांना शंकाच उरली नाही. त्यांनी वरच्या तिन्ही ओळी सरकवून चौकटी एकमेकींना चिकटवल्या. उजवीकडे उरलेल्या जागेत वेल काढली आणि तिच्यावर पोपट बसवला.

बाई परतल्या, भिंत बघितली आणि त्यांनी थेट क्लोरीनवर बोट ठेवलं.

"अहो, क्लोरीन मँगनीजच्या डोक्यावर कसा?"

"पोपट कसा वाटला?"

"खड्ड्यात गेला पोपट! उभ्या रांगेत एका स्वभावाची मंडळी असतात. सोडियमची रांग एक इलेक्ट्रॉन देऊन टाकते, म्हणून तिच्या आयनावर एक धन प्रभार. मॅग्नेशियमची रांग दोन देते. क्लोरीनची रांग एक घेते, तिच्यावर ऋण प्रभार. आणि हेलियम कुणाला काही देत नाही, कुणाचं काही घेत नाही."

"अगदी आमचा साडू," पेंटर म्हणाले.

"त्याला तुम्ही दोन देणाऱ्यांच्या रांगेत उभं केलंय! मुलं परीक्षेत तेच लिहितील. मधली जागा मोकळी सोडली, तरच खालच्यांशी मेळ बसतो."

"त्या जागेत एखादं छोटंसं फूल?"

"काहीही नाही."

पेंटरांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं चित्र खरवडलं. डोळ्यांत पाणी आलं, त्याचं खापर त्यांनी टर्पेंटाइनवर फोडलं. सगळं पुन्हा रंगवून ते मागे सरकले. नजर फिरून फिरून त्या मोकळ्या जागेत जाऊन टेकत होती आणि चक्क बरं वाटत होतं. हे त्यांना मुळीच आवडलं नाही. बायकोची मात्र फार आठवण आली.

घरी जाऊन त्यांनी धबधब्यावर पांढरा रंग फासला आणि तिला फोन केला. ती आली, हातातली बॅग खाली न ठेवता भिंतीपुढे उभी राहिली. पेंटरांचा जीव टांगणीला लागला.

"तुला काय हवं इथे?" अखेर त्यांनी विचारलं. "की राहू दे असंच?"

तिने वळून पाहिलं. "लग्नाला एवढी वर्षं झाली. भिंतींचं मला आज पहिल्यांदा विचारताय."

पेंटर ओशाळले. खरंच होतं ते.

"चुकलंच माझं," ते म्हणाले.

"असंच राहू दे," ती म्हणाली आणि बॅग आत घेऊन गेली.