गुरुवारची दोरी

इथं परदेशात आमच्या इमारतीच्या तळघरातली कपडे वाळवायची खोली सगळ्यांत मिळून एकच; पाळीनं गुरुवार माझा असतो. तरी दर गुरुवारी तिथं वरच्या मजल्यावरच्या मराठी मुलीचं आइस हॉकीचं सामान लटकत असतं. ती गोलकीपर आहे. तिच्या पॅडचा आणि हातमोज्यांचा आंबूस वास पार जिन्यापर्यंत येतो.

"आल्झो, काका, थोडेच दिवस," ती म्हणायची. "बायकांची व्यावसायिक लीग निघतेय. मग आम्ही पगारी खेळाडू. सामान क्लबच वाळवणार!" तिचं प्रत्येक वाक्य इथल्या जर्मनमधल्या आल्झोनं, म्हणजे 'तर मग'नं, सुरू होतं, आणि 'उचलते' म्हणाली की ती काहीच उचलत नाही.

लीग स्थापन झाली. तिनं पेढे आणून दिले. पुढच्या गुरुवारी सामान पुन्हा तिथंच!

"आता काय झालं?"

"आल्झो... क्लबची वाळवायची खोली पुरुषांच्या संघाकडे आहे, काका."

आता लेखी तक्रारच करायची, असं मी ठरवलं. तेवढ्यात माझी नजर कोपऱ्यातल्या दोरीवर गेली. तिथं माझ्या बायकोची निळी ओढणी आहे. बायको गेल्यापासून मला ती काढवलेली नाही. खोलीभर सामान कोंबलेलं होतं, पण त्या दोरीवर साधा मोजाही नव्हता.

"उचलते हं, काका."

"राहू दे," मी म्हणालो. "निदान खिडकी तरी उघडत जा."