वरवंडच्या फाइलीतलं दुसरं पान

आसमीन मूळची शिरूरची. वडिलांच्या, अकबरमियाँच्या कुलूप-किल्ल्यांच्या दुकानात वाढलेली. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली, लग्न होऊन दौंडला आली आणि तिथल्या एका खाजगी पाणी-तपासणी प्रयोगशाळेत लागली. त्याला अकरा वर्षं झाली. सुरुवातीला ती बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायची. आता तालुक्यातल्या चाळीस विहिरींचे आलेख एकटी काढायची, आणि प्रत्येक कागदावर तिची सही असायची.

आलेखाचं सॉफ्टवेअर जुनं होतं. त्याला चित्र कुठं काढायचं ते आधी सांगावं लागे: पडद्यावर, प्रिंटरवर की फाइलीत. फाइलीत म्हटलं की फाइलीचं नाव द्यायचं आणि चित्र झालं की ती फाइल बंद करायची. बंद करायची राहिली, तर पुढचं चित्रही मुकाट्याने त्याच फाइलीत दुसरं पान होऊन बसे. नावात साल घालायची आसमीनची इच्छा होती, पण प्रयोगशाळेचे मालक इंद्रजीतसाहेब यांना ते पसंत नव्हतं. "नाव दरवर्षी तेच ठेवा. नवीन आलं की जुनं पुसलं जातं, कॉम्प्युटर स्वच्छ राहतो," असं ते म्हणत. आलेखाखाली महिने असत, साल नसे.

सतरा एप्रिलला, गुरुवारी सकाळी, वरवंडच्या सरपंचांनी आपल्या विहिरीचा कागद पुन्हा मागितला. आसमीनने फाइल उघडली. वरवंडची रेघ ठीक होती. पण खाली आणखी एक पान होतं, आणि त्यावर मथळा होता: राहू गाव, माळवस्ती विहीर. नायट्रेटची रेघ डिसेंबरपासून चढत गेली होती. लिटरमागे पंचेचाळीस मिलिग्रॅमची मर्यादा तिने जानेवारीतच ओलांडली होती आणि मार्चमध्ये ती अठ्ठ्याऐंशीवर पोचली होती.

आसमीनला आलेख काढले तो दिवस आठवला. त्या दिवशी वरवंडचं चित्र झाल्यावर साहेबांनी बाटल्या उतरवून घ्यायला हाक मारली होती. परत येऊन तिने वरवंडची फाइल बंद न करताच थेट माळवस्तीचं चित्र काढलं होतं. तिने माळवस्तीची फाइल उघडून पाहिली. तारीख मागल्या एप्रिलची. या महिन्याच्या तीन तारखेला सगळ्या फाइलींचं पहिलं पान एकदम छापलं, तेव्हा माळवस्तीला गेला तो गेल्या वर्षीचा आलेख. त्याखाली तिनेच लिहिलं होतं, पाणी पिण्यास योग्य.

ती साहेबांच्या खोलीत गेली.

"साहेब, माळवस्तीला मागच्या वर्षीचा आलेख गेलाय."

साहेब चहा पीत होते. "मग आता बरोबर पाठवून द्या. त्याच नावाने सेव्ह करा. कोण बघतंय?"

"पाणी पितात ते लोक. आपण योग्य म्हणून कळवलंय."

"आपण नाही, तुम्ही. सही कुणाची आहे?" मग जरा मऊ आवाजात ते म्हणाले, "मे महिन्यात तालुक्याच्या तपासणीचं कंत्राट पुन्हा निघायचंय, आसमीन. कागद पोस्टाने जाऊ दे. वस्तीवर जाऊन बोभाटा नको."

ती "बरं" म्हणाली आणि जागेवर येऊन बसली. माळवस्तीचा आलेख नव्याने काढला, फाइल बंद केली, कागद छापला. लिफाफ्यावर पत्ता लिहिताना दोन ओळी लिहून थांबली. पोस्टाने कागद सोमवारी पोचला असता. तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली, केडगावपर्यंत एसटीने गेली आणि पुढं माणसं भरून नेणाऱ्या वडापच्या जीपमध्ये बसली.

वस्तीवर विहाराच्या भिंतीला तिचा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून टांगला होता. शेजारच्या ओट्यावर रंगुबाई लसूण सोलत होत्या आणि त्यांची सून गौतमी चार महिन्यांच्या मुलीला मांडीवर घेऊन बाटलीने दूध पाजत होती.

"जयभीम, आजी."

"जयभीम. या बाई, बसा. पाण्याच्या कागदावाल्या न्हवं तुम्ही? आमच्या थोरल्या नातवाच्या आधी हीर पास केली तुम्ही. त्यो बसलाय अजून निकालाची वाट बघत."

गौतमी हसली. आसमीनला हसता आलं नाही. तिची नजर बाटलीवर होती.

"अंगावर पाजत नाही?"

"आटलं, ताई. तिसऱ्या महिन्यापासनं डब्याचंच. पाणी मातर मी वीस-वीस मिनटं उकळून घेते. कागद चांगला आला म्हणून ढिलाई न्हाई." मग आवाज उतरवून ती म्हणाली, "रविवारी हिचं ओठ निळं पडलं हुतं. दौंडला नेलं तर डॉक्टर म्हणलं, कफ आसंल."

आसमीन ओट्यावर बसलीच. तिने नवा कागद काढला आणि सरळ सांगितलं. भिंतीवरचा कागद चुकीचा आहे, चूक माझी आहे, या पाण्यात खताचं नायट्रेट मर्यादेच्या दुपटीच्या घरात आहे. मोठ्यांना लगेच काही होत नाही. तान्ह्या बाळाला होतं; रक्तातला प्राणवायू कमी पडतो, ओठ निळे पडतात.

"पण मी उकळते की," गौतमी म्हणाली.

"उकळून ते जात नाही. पाणी आटतं, ते मागं राहतं. जास्तच होतं."

गौतमीने बाटली बाळाच्या तोंडातून काढली. बाळ रडायला लागलं. रंगुबाईंच्या हातातला लसूण तसाच राहिला.

"किती दिस झालं त्यो कागद धाडून?" गौतमीने विचारलं.

"चौदा."

"मी त्याच्या आधी बोअरचं आणत हुते, नवनाथमामांच्या मळ्यातनं. कागद आल्यावर थांबवलं." तिने बाटलीतलं दूध ओट्याखाली ओतलं. "त्ये बोअरचं तरी खरं हाय का? का त्ये बी जुनंच?"

"त्या बोअरचा आलेख याच वर्षीचा आहे, चांगला आहे. सकाळी पुन्हा पाहून आलेय."

"तुम्ही म्हणता म्हणून धरायचं?"

आसमीनने नवा कागद तिच्या हातात दिला.

"उठा," गौतमी म्हणाली. "दवाखान्यात चला माझ्यासंगं. मला ह्यातलं न्हाई सांगता येणार. माझं म्हणणं त्यांनी कफावर ढकललं, तुमचं न्हाई ढकलायचे."

जीपमध्ये दोघी समोरासमोर बसल्या. वाटेत साहेबांचा फोन दोनदा आला. दुसऱ्यांदा आसमीनने उचलला, "मी माळवस्तीच्या बाळाला घेऊन दवाखान्यात चाललेय," एवढंच सांगितलं आणि ठेवला. गौतमी बाळाचे ओठ बघत होती. उन्हात ते कधी गुलाबी वाटत, कधी नाही.

दौंडला पोचायला सव्वाचार वाजले. डॉक्टरांनी कागद उलटसुलट पाहिला.

"अठ्ठ्याऐंशी? हे तपासलं कुणी?"

"मी," आसमीन म्हणाली.

"मग रविवारी या बाई म्हणत होत्या की पाणी पास झालंय. तो रिपोर्ट कुणाचा?"

गौतमीने बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"तोही माझाच. जुना होता. मी चुकून दिला."

डॉक्टरांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "हे लिहून द्याल?"

त्यांनी पुढं केलेल्या कागदावर आसमीनने तारीख घातली, साल घातलं, विहिरीचं नाव आणि दोन्ही आकडे लिहिले, खाली सही केली. तोवर नर्सने बाळाला दिव्याखाली निजवलं होतं आणि ती त्याच्या इवल्याशा हातात रक्तासाठी शीर शोधत होती.