सात सीटची गाडी आणि आईचा पाट

सात सीटची गाडी घ्यायची हे एकदा ठरलं आणि दुसऱ्या दिवसापासून माझं डोकं चालेनासं झालं. दुसऱ्या मजल्यावरचे शेजारी म्हणाले, "डिझेल घ्या, डोळे मिटून घ्या." मला पटलं. दोन दिवसांनी ठाण्याहून मेहुणा आला. "भावोजी, आता डिझेल? हायब्रिड बघा ना," तो म्हणाला. तेही पटलं. मुलगा म्हणाला, "बाबा, पंधरा वर्षं वापरायचीय ना? मग इलेक्ट्रिकच." मी त्यालाही मान डोलावली. शेवटी बायको वैतागली. "अहो, तुमचं स्वतःचं काही मत आहे की नाही?" नव्हतं. आज हे कबूल करायला काही वाटत नाही, तेव्हा मात्र फार लाज वाटायची.

कारण माझं पोट मत देण्यावरच चालतं. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात मी एकतीस वर्षं क्वालिटी बघतोय. आमच्याकडे एक साधं माप असतं, त्याला गो-नोगो गेज म्हणतात. छोट्या दांड्याची दोन टोकं. एक टोक पार्टच्या भोकात गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. गेलं की नाही गेलं, एवढाच प्रश्न. तिथे चर्चा नाही, वाद नाही, मेहुणा नाही. अख्खा लॉट परत पाठवताना मी कधी दोनदा विचार केला नाही. आणि इथे डोंबिवलीत, घरच्या सोफ्यावर, सात गाड्यांची माहितीपत्रकं मांडीवर घेऊन मी परीक्षेला बसलेल्या ढ मुलासारखा बसून असायचो.

ही गाडी हवी होती ती एका लग्नामुळे. आम्ही घरात सहा माणसं: मी, बायको, मुलगा, सून, चार वर्षांचा नातू आणि एकोणऐंशी वर्षांची माझी आई. जुनी गाडी पाच जणांची. नाशिकला भाचीचं लग्न होतं, म्हणून जोडीला एक भाड्याची गाडी केली. तिच्यात बॅगा, आहेराच्या पिशव्या, आई आणि नातू असं ठरलं होतं. निघताना नातवाने भोकाड पसरलं आणि तो आमच्या गाडीत आला. आई एकटी गेली. आम्ही वाटेत कसाऱ्याला चहा प्यायला थांबलो, वडे खाल्ले, फोटो काढले. तिची गाडी पुढे निघून गेली होती.

आम्ही हॉलवर पोचलो तेव्हा ती रिकाम्या खुर्च्यांमध्ये पायाशी बॅगा घेऊन बसली होती. तासभर झाला असेल. मला बघून हसली आणि म्हणाली, "सामान नीट पोचलं हो. मीपण त्याच्यातच होते." ती चेष्टाच करत होती. पण मला ती लागली. यापुढे आई सामानाबरोबर जाणार नाही, जायचं तर सगळे एका गाडीत जायचं, हे मी तिथेच ठरवलं. आणि माझ्या नोकरीची दोनतीन वर्षंच उरली असल्यामुळे हेही ठरवलं की ही शेवटची गाडी, पंधरा वर्षं टिकली पाहिजे.

मग मी तक्ता केला. इंजिन, लांबी, मागच्या रांगेत गुडघ्यांना जागा, सर्व्हिस सेंटर घरापासून किती लांब. आमच्या इमारतीखालच्या पार्किंगमध्ये एक खांब आडवा येतो, त्यामुळे टेप घेऊन तीही लांबी मोजली. एकेक गाडी एका रकान्यात उत्तम आणि दुसऱ्यात नापास. एकीत मागची रांग ऐसपैस, तर ती पार्किंगमध्ये बसेना. दुसरी बसत होती, तर मागच्या रांगेत फक्त नातू मावेल. सीएनजीवाली परवडेल असं कोणी म्हणालं, तर तिच्या टाकीनेच सगळी डिकी खाल्लेली. वागळे इस्टेटमध्ये आमच्या कारखान्यासमोर एक गॅरेज आहे. तिथला मेकॅनिक तरी खरं बोलेल म्हणून त्याला विचारायला गेलो. समोर जी गाडी उघडून पडलेली असेल तिच्याकडे बोट दाखवून तो म्हणायचा, "साहेब, ही सोडून कुठलीपण घ्या." चार वेळा गेलो, चार वेगळ्या गाड्या बाद झाल्या. त्याच्याकडे बिघडलेल्याच गाड्या येतात, हे कळायला मला महिना लागला. क्वालिटीवाला माणूस मी!

नवं मॉडेल घेऊ नका, आधी वर्षभर लोकांना वापरू द्या, असं कोणी म्हणे. जुनं घेऊ नका, उद्या कंपनीने ते बंद केलं तर पार्ट कोण देणार, असं दुसरा म्हणे. दोघंही बरोबरच होते. मला झोपेतून उठवून कोणी विचारलं असतं तर मी दोन्ही एका दमात म्हणून दाखवलं असतं.

एका दुपारी आई पलंगावरून उठत होती. एक हात भिंतीला, एक हात गुडघ्यावर, तोंडाने "गजानना" म्हणत. आणि मला सुचलं. आपल्याला गेज मिळालं! आई ज्या गाडीत चढू शकेल ती गाडी पास, बाकीच्या नापास. तक्ता गेला खड्ड्यात. मला इतकं हलकं वाटलं की मी चहा करून तिला नेऊन दिला. तिने संशयाने बघितलं. "काय रे, काय हवंय तुला?"

तिचे गुडघे पोळ्यांनी गेले. बावीस वर्षं ती आमच्या गल्लीतल्या पोळी-भाजी केंद्राच्या पोळ्या घरी लाटत होती, खाली पाटावर बसून. सागवानी पाट, मधोमध झिजून गुळगुळीत झालेला. रोज त्यावर बसायचं, रोज त्यावरून उठायचं. ती शोरूमला यायला तयार झाली, पण तिने एक अट घातली. पाट बरोबर घ्यायचा. "गाड्या उंच असतात तुमच्या. मला पायाखाली काहीतरी लागेल." मी पाटाची उंची मोजली. सव्वाचार इंच.

पुढचे तीन रविवार आम्ही दोघं हिंडलो. पहिलं शोरूम घोडबंदर रोडला. काचेच्या दारातून आत शिरलेली आई, तिच्या हातात काठी, माझ्या काखेत जुन्या लुगड्यात गुंडाळलेला पाट. तिथली मुलगी फार गोड होती. "आजी, आपल्याकडे साइड स्टेप येते, पाट नाही लागणार," ती म्हणाली. आईने तिची साइड स्टेप काठीने ठोकून पाहिली. "ही अरुंद आहे गं. माझी चप्पल मावत नाही हिच्यावर." पाट ठेवूनही तिचा पाय वर जाईना. मी तिला मागून उचलायला गेलो तर जोरात ओरडली, "हात लावू नको, पिशवी आहे का मी?" नोगो.

दुसऱ्या रविवारी कल्याणला गेलो. तिथली गाडी बुटकी होती. आई पाटाशिवाय सहज आत जाऊन बसली, खिडकीतून हात दाखवला. मी खूश. घरी फोटो पाठवला तर मुलगा म्हणाला, "बाबा, ही एसयूव्ही कुठे? ही टूरवाल्यांची गाडी वाटते. आणि आपल्या गल्लीतल्या पेव्हर ब्लॉकवर हिचं पोट घासेल." घरी पोचल्या पोचल्या मी गल्लीतले पेव्हर ब्लॉक किती वर आलेत ते मोजलं. त्याचं पुन्हा पटलं. पुन्हा सगळं पहिल्यापासून.

तिसऱ्या रविवारी ठाण्यातलं आणखी एक शोरूम. तिथे एक मध्यम उंचीची गाडी होती. आई पाटावर चढली, दाराचा वरचा दांडा धरला, "गजानना" म्हणाली आणि मधल्या रांगेत जाऊन बसली. थोडं जमलं, थोडं नाही. मी टेप काढून पायरीची उंची मोजत होतो, वहीत लिहीत होतो. ती वरून बघत होती.

"ते ठेव आता," ती म्हणाली. "तू मागे जाऊन बस बघू."

"मी कशाला? मी चालवणार आहे."

"बस म्हणते ना."

मी दुसऱ्या बाजूची मधली सीट पुढे ढकलली आणि वाकून मागच्या रांगेत शिरलो. एक पाय आत गेला, दुसरा सीटच्या पट्ट्यात अडकला, आणि उजवा गुडघा असा कडकन वाजला की शोरूमची मुलगी धावत आली. "सर, ठीक आहात ना?" ठीक नव्हतो. बाहेर पडताना तिने एक हात धरला, सिक्युरिटीवाल्याने दुसरा. आई हसत होती. मग हसायची थांबली.

"पंधरा वर्षं वापरणार म्हणतोस ना? मग माझे गुडघे कशाला मोजत बसलायस?" ती म्हणाली. "तेव्हा गाडी तुझा मुलगा चालवेल. इथे, माझ्या जागेवर, तू बसशील. मी तुझ्यासाठी बघतेय केव्हापासून."

"काहीतरी बोलू नको," मी म्हणालो. मला राग आला होता. एवढ्या सगळ्यांसमोर बोलली म्हणून आला, की खरं बोलली म्हणून, ते मला अजून सांगता येत नाही. एकतीस वर्षं मापं घेणारा मी तीन रविवार चुकीचा पार्ट मोजत होतो. माझी सत्तावन्न आणि गाडीची पंधरा ही बेरीज मी एकदाही केली नव्हती. परतताना शीळफाट्याच्या गर्दीत ती म्हणाली, "खिडकी मोठी आहे हो तिची. बाहेरचं दिसतं."

तीच गाडी घेतली. पेट्रोल. का पेट्रोल, हे मला विचारू नका. मेहुणा अजून नाराज आहे, आणि मी अजून फोनवर तिच्याबद्दल कोण काय लिहितं ते वाचतो आणि घाबरतो. ती पंधरा वर्षं टिकेल का, मला खरंच माहीत नाही. ती आमच्या पार्किंगमध्ये खांबाला चार बोटं सोडून उभी राहते, एवढं खात्रीने सांगू शकतो.

पहिल्यांदा टिटवाळ्याला गेलो, गणपतीला. सहाही जण एका गाडीत, बॅगा एकही नाही. सून आपणहून मागे बसली, नातू मध्ये, आई खिडकीशी. देवळाच्या पायऱ्या तिला झेपणार नव्हत्या, तरी ती उतरली आणि खालूनच हात जोडले. ती परत चढून बसल्यावर बायकोने पाट उचलला आणि म्हणाली, "आई, घरी गेल्यावर हा आत ठेवते, उगाच खराब होईल."

"नको. डिकीतच राहू दे," आई म्हणाली. "याला लागेल."

नातवाने विचारलं, "कोणाला?" बायकोने पाट डिकीत ठेवला.

गेल्या रविवारी मी गाडी धूत होतो. पार्किंगमध्ये कोणी नव्हतं. टप पुसायला उंची हवी म्हणून डिकीतून पाट काढला. टप पुसून झालं, तरी तो लगेच ठेवावासा वाटेना. मधल्या दाराशी लावला, त्यावर पाय ठेवला, वरचा दांडा धरला आणि आईच्या जागेवर जाऊन बसलो. गुडघा वाजला नाही. सव्वाचार इंच अगदी बरोबर होते. समोर ड्रायव्हरची सीट रिकामी होती, आणि तिथे कधीतरी मुलाची मान दिसेल, हे मला पहिल्यांदा स्पष्ट दिसलं. माझ्या शेजारी तेव्हा कोण असेल, तेवढं मी बघितलं नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर पार्ट पास झाला होता. पास झाल्याचं इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.